जनरल ग्रँट : रणांगणावरील जय आणि शांततेतील पराजय

परक्या शत्रूशी झालेले युद्ध संपले म्हणजे तो शत्रू आपल्या मुलखात परत जातो. यादवी युद्धाचे तसे नसते. तेथे जिंकणारा आणि हरणारा यांना पुढचे आयुष्य एकाच देशात, एकाच गावात आणि पुष्कळदा एकाच कुटुंबात काढावयाचे असते. त्यामुळे यादवीतील शेवटची तोफ थंड झाली की राज्यकर्त्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हरलेल्यांना पुन्हा आपल्यात कसे घ्यावयाचे, हा एक; आणि ज्यांच्या मुक्ततेसाठी एवढे रक्त सांडले त्यांना दिलेला शब्द कसा पाळावयाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर औदार्याने देता येते. दुसऱ्याला औदार्य पुरत नाही. त्यासाठी सत्ता, कायदा आणि वर्षानुवर्षे टिकणारी चिकाटी लागते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. हे युद्ध जिंकून देणारा सेनापती युलिसिस ग्रँट पुढे आठ वर्षे अमेरिकेचा अध्यक्ष होता. म्हणजे हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या वाट्याला आले. उत्तम सेनापती आणि सामान्य अध्यक्ष, असा शेरा मारून इतिहासकारांनी दीर्घकाळ त्याची बोळवण केली. हा निकाल अपुरा आहे. शिलोच्या रणांगणापासून अखेरच्या दिवसांपर्यंतचे त्याचे चरित्र पाहिले म्हणजे ग्रँट कोठे जिंकला, कोठे हरला आणि त्या पराभवात त्याच्या देशबांधवांचा वाटा किती होता, हे ध्यानात येते.

अपयशी पूर्वायुष्य

ग्रँटचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या लहानशा गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. त्या कारखान्यातील रक्त आणि दुर्गंधी मुलाला सहन होत नसे. पुढे लक्षावधी सैनिकांच्या हालचाली ठरविणाऱ्या या सेनापतीला रक्ताचा तिटकारा जन्मभर राहिला. नीट न शिजलेले मांसही त्याला पानात चालत नसे. घोडे मात्र त्याला अतिशय प्रिय होते. वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात घातले. तेथे त्याचे नाव चुकीचे नोंदले गेले आणि हायरम युलिसिस ग्रँटचा युलिसिस एस. ग्रँट झाला. १८४३ साली एकोणचाळीस जणांत एकविसावा येऊन तो बाहेर पडला. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात त्याने चांगली कामगिरी केली. परंतु बलाढ्य राष्ट्राने दुबळ्या शेजाऱ्यावर लादलेले ते अन्यायाचे युद्ध होते, असे त्याचे मत कायम झाले.

१८४८ साली त्याने ज्यूलिया डेंट हिच्याशी विवाह केला. ती मिसुरीतील एका गुलामांच्या मालकाची मुलगी. ग्रँटचे वडील गुलामगिरीचे कडवे विरोधक. ते या लग्नाला गेले नाहीत. देशात यादवी भडकण्याच्या बारा-तेरा वर्षे आधीच तिची भेग अशी ग्रँटच्या घरातून गेली होती. १८५४ साली कॅलिफोर्नियातील एका दूरच्या ठाण्यावर असताना त्याने लष्कराचा राजीनामा दिला. बायकामुलांपासून दूर राहून आलेले एकाकीपण त्याने दारूत बुडविले, अशी बोलवा झाली आणि ती त्याला जन्मभर चिकटून राहिली.

त्यानंतरची सात वर्षे म्हणजे अपयशाची मालिकाच होती. सासऱ्याने दिलेल्या जमिनीत त्याने शेती केली. ती साधली नाही. सेंट लुई शहराच्या रस्त्यांवर त्याने जळाऊ लाकूड विकले. १८५७ च्या नाताळात त्याला आपले सोन्याचे घड्याळ बावीस डॉलर्सना गहाण ठेवावे लागले. याच ओढग्रस्तीत असताना, १८५९ साली, त्याने आपल्याकडे असलेल्या विल्यम जोन्स या गुलामाला विकण्याऐवजी कागदोपत्री मुक्त केले. बाजारात त्या माणसाचे काही शे डॉलर्स सहज आले असते. गुलामगिरीविषयी ग्रँटने तोवर कधी भाषण केले नव्हते की लेख लिहिला नव्हता. त्याच्या मनाचा कल दाखविणारी ही एकच कृती आहे. १८६० साली तो इलिनॉयमधील गलीना येथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करू लागला. तेव्हा त्याचे वय अडतीस होते.

शिलो येथील दोन दिवस

१८६१ च्या एप्रिलमध्ये युद्धाला तोंड लागले. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेकडील अकरा राज्ये संघराज्यातून फुटली. वेस्ट पॉइंटमध्ये शिकलेल्या अधिकाऱ्यांची उत्तरेला गरज होती. ग्रँट इलिनॉयच्या एका पलटणीचा कर्नल झाला आणि काही आठवड्यांतच ब्रिगेडियर जनरल. १८६२ च्या फेब्रुवारीत त्याने टेनेसी व कंबरलँड या नद्यांवरील हेन्री आणि डोनेल्सन हे दोन किल्ले घेतले. डोनेल्सनचा किल्लेदार सायमन बकनर हा त्याचा जुना मित्र. १८५४ साली ग्रँट निष्कांचन अवस्थेत न्यूयॉर्कला आला तेव्हा त्याच्या मदतीला धावलेला. त्या मित्राकडून ग्रँटने बिनशर्त शरणागती घेतली. उत्तरेला मिळालेला हा पहिला मोठा विजय होता. बंडखोरांचे अवसान आता गळाले, आणखी एखादा जोराचा तडाखा बसला की युद्ध संपेल, असे उत्तरेत सगळ्यांना वाटू लागले. ग्रँटचीही समजूत तीच होती.

टेनेसी नदीच्या पश्चिम तीरावर पिट्सबर्ग लँडिंग नावाचा धक्का आहे. तेथे सुमारे चाळीस हजारांची फौज घेऊन तो ब्यूएलच्या सैन्याची वाट पाहत थांबला. तेथून वीस-बावीस मैलांवर कॉरिंथ हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन होते व तेथे दक्षिणेची फौज जमत होती. छावणीजवळच्या रानात ओंडक्यांचे एक लहान प्रार्थनामंदिर होते. त्याचे नाव शिलो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ शांतीचे स्थान असा लावला जातो. फौजेत नवशिके सैनिक फार होते. आपण चढाई करणार आहोत, शत्रू आपल्यावर चालून येणार नाही, या भ्रमात छावणीभोवती साधे खंदकही खणले गेले नव्हते. ग्रँट स्वतः नऊ मैलांवरील सव्हाना येथे मुक्कामाला होता. घोडा अंगावर पडल्याने त्याचा पाय दुखावला होता आणि त्याला कुबड्या घ्याव्या लागत होत्या.

रविवार, ६ एप्रिल १८६२ रोजी पहाटे दक्षिणेचे चाळीस हजारांवर सैनिक रानातून या छावणीवर कोसळले. त्यांचा सेनापती आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन हा दक्षिणेचा सर्वांत नावाजलेला योद्धा होता. ग्रँट न्याहारीला बसला असताना तोफांचे आवाज ऐकू आले आणि तो बोटीने रणांगणाकडे निघाला. तोवर पुढच्या छावण्या शत्रूच्या हाती गेल्या होत्या. हजारो घाबरलेले सैनिक नदीकाठच्या दरडीखाली दडून बसले होते. मध्यभागी प्रेंटिसच्या तुकडीने मात्र एका जुन्या गाडीवाटेच्या आश्रयाने तासन् तास शत्रूला रोखून धरले. संध्याकाळी बावीसशे सैनिकांसह तिला शरण जावे लागले, पण तेवढ्या अवधीत ग्रँटने नदीच्या अलीकडे तोफांची फळी उभी केली. दुपारी जॉन्स्टनच्या गुडघ्यामागे गोळी लागली. आपल्या शल्यवैद्याला त्याने आधीच जखमींच्या सेवेसाठी मागे ठेवले होते. त्या जखमींत शत्रूचे सैनिकही होते. अतिरक्तस्रावाने जॉन्स्टनचा अंत ओढवला. दिवस मावळला तेव्हा दोन्ही फौजा थकून गेल्या होत्या. परंतु दिवस दक्षिणेचा होता, याविषयी कोणाला शंका नव्हती.

त्या रात्री मुसळधार पाऊस पडला. ग्रँटने एका झाडाखाली मुक्काम केला. सुजलेल्या पायाच्या वेदना असह्य झाल्या म्हणून तो जवळच्या ओंडक्यांच्या घरात आसऱ्याला गेला. तेथे जखमींचे हातपाय कापले जात होते. ते दृश्य त्याला पाहवेना आणि तो पुन्हा पावसात झाडाखाली जाऊन बसला. माघार घेण्यासंबंधी विचारावे म्हणून त्याचा सहकारी शर्मन त्याच्याकडे आला, पण ग्रँटची मुद्रा पाहून त्याने तो शब्दच काढला नाही. पहिल्या दिवसाची हार ही लढाईची हार नव्हे, हे ग्रँटने मनाशी ठरवून टाकले होते. रात्रीतून ब्यूएलची फौज नदी ओलांडून आली. वाट चुकल्याने दिवसभर दूर राहिलेली ल्यू वॉलेसची तुकडीही पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रँटनेच हल्ला केला आणि दुपारपर्यंत शत्रूला कॉरिंथच्या वाटेला लावले.

या दोन दिवसांत दोन्हींकडचे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक ठार झाले. जखमी आणि बेपत्ता धरून हानीचा आकडा २३,७४६ वर गेला. अमेरिकेच्या भूमीवर तोपर्यंत एवढी भीषण लढाई झाली नव्हती. एका मोकळ्या शेतात इतकी प्रेते पडली होती की जमिनीला पाय न लावता ते कोणत्याही बाजूने ओलांडता आले असते, अशी आठवण ग्रँटने पुढे नमूद करून ठेवली आहे.

लढाईनंतरचा धडा

विजय मिळूनही उत्तरेत संतापाची लाट उसळली. ग्रँट गाफील राहिला, तो नशेत होता, त्याला काढून टाका, असा धोशा वृत्तपत्रांनी लावला. नशेचा आरोप निराधार होता, गाफीलपणाचा नव्हता. लिंकनने त्याला दूर केले नाही. परंतु वरिष्ठ सेनापती हॅलेक याने सूत्रे स्वतःकडे घेऊन ग्रँटला नावापुरते दुय्यम पद दिले. ग्रँट सामान बांधून घरी निघाला होता. शर्मनने त्याची समजूत घातली म्हणून तो राहिला. अमेरिकेच्या इतिहासाला वळण देणाऱ्या घटनांत या समजुतीची गणना करावी लागेल.

शिलोने ग्रँटला एक कठोर सत्य शिकविले. पहिल्या दोन पराभवांनी खचून न जाता दक्षिणेने एवढा जबरदस्त प्रतिहल्ला केला, त्या अर्थी हे बंड एखाद्या लढाईने मोडणारे नाही. दक्षिणेची लढण्याची शक्तीच पूर्णपणे नष्ट केल्यावाचून संघराज्य वाचणार नाही, या निष्कर्षाला तो आला. शत्रूचे अन्नधान्य, रेल्वे, कारखाने आणि गुलामांचे श्रम हा त्याच्या युद्धसामर्थ्याचाच भाग आहे, ही जाणीव त्यातून आली. आणि श्रमांचा विचार सुरू होताच गुलामांचा प्रश्न त्याच्या छावणीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

कॉरिंथ उत्तरेच्या हाती आल्यानंतर शेतमळे सोडून आलेले हजारो गुलाम सैन्याच्या आश्रयाला जमू लागले. १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रँटने जॉन ईटन या लष्करी धर्मोपदेशकावर त्यांची व्यवस्था सोपविली. त्यांना काम, मजुरी, निवारा आणि पुढे शिक्षण द्यावे, अशी ती योजना होती. १८६३ च्या आरंभी लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात आली आणि कृष्णवर्णीयांची भरती सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत दाखल झाले होते. कैद्यांच्या अदलाबदलीत दक्षिण त्यांना गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने वागवत नाही, तोवर अदलाबदल नाही, असा आग्रह पुढे ग्रँटने धरला. याच काळात त्याच्या हातून एक लाजिरवाणी गोष्टही घडली. काळाबाजार थांबविण्याच्या निमित्ताने डिसेंबर १८६२ मध्ये त्याने आपल्या लष्करी विभागातून सरसकट सर्व ज्यूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. लिंकनने तो रद्द केला. त्याचा पश्चात्ताप ग्रँटला पुढे जन्मभर होत राहिला.

औदार्याचा दिवस

४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग पडले आणि मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात आली. १८६४ च्या मार्चमध्ये ग्रँट सर्व फौजांचा सरसेनापती झाला. व्हर्जिनियात त्याची गाठ रॉबर्ट ली या असामान्य सेनानीशी पडली. वर्षभराच्या या झुंजीत ग्रँटने जी मनुष्यहानी सोसली तिच्यामुळे त्याला खाटीक म्हणण्यापर्यंत टीकाकारांची मजल गेली. कोल्ड हार्बर येथील अखेरच्या हल्ल्याबद्दल त्याने स्वतःला कधी क्षमा केली नाही. परंतु मार खाऊन मागे फिरणाऱ्या आधीच्या सेनापतींप्रमाणे तो फिरला नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे ली शरण आला. ली नव्या गणवेशात होता, कमरेला उंची तलवार होती. ग्रँटच्या अंगावर साध्या शिपायाचा चिखलाने माखलेला कोट होता. शरणागतीच्या अटी ग्रँटने तेथेच बसून लिहिल्या. सैनिकांनी पुन्हा शस्त्र न धरण्याचे वचन देऊन घरी जावे; ते कायद्याने वागतील तोवर सरकार त्यांना त्रास देणार नाही. अधिकाऱ्यांनी तलवारी आणि घोडे ठेवून घ्यावेत. वसंतातील नांगरणी तोंडावर आली होती, म्हणून साध्या सैनिकांनाही आपापले घोडे व खेचरे नेऊ द्यावीत, असे त्याने मान्य केले. लीची उपाशी फौज जगावी म्हणून पंचवीस हजार माणसांचा शिधा पाठविण्यात आला. विजयाच्या तोफा उडू लागल्या तेव्हा त्याने त्या थांबविल्या. कालचे बंडखोर आज पुन्हा आपले देशबांधव झाले, ही त्याची भावना होती. काही आठवड्यांनी लीवर राजद्रोहाचा खटला भरण्याचे घाटू लागले, तेव्हा आपण दिलेला शब्द मोडला गेला तर राजीनामा देऊ, असे त्याने अध्यक्ष जॉन्सन याला बजावले. खटला झाला नाही. पराभूतांना दिलेला शब्द पाळला गेला.

दुसरा शब्द

दुसरा शब्द चाळीस लाख गुलामांना दिलेला होता. १८६५ सालीच तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. पण लिंकनचा खून झाला होता आणि त्याच्या जागी आलेल्या जॉन्सनने दक्षिणेतील मळेवाल्यांना उदारपणे माफी देण्याचा सपाटा लावला. समुद्रकाठच्या ज्या जमिनी शर्मनने मुक्त गुलामांना वाटून दिल्या होत्या, त्या जुन्या मालकांना परत मिळाल्या. कागदावर स्वतंत्र झालेला माणूस जमिनीवाचून पुन्हा त्याच मालकाच्या शेतावर वाट्याने राबू लागला व कर्जात रुतत गेला. पूर्वीच्या गुलामांना बांधून ठेवणारे कायदे दक्षिणेतील विधिमंडळांनी केले. १८६६ साली मेंफिस आणि न्यू ऑर्लीन्स येथे कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या.

आरंभी ग्रँटही फसला. १८६५ च्या अखेरीस दक्षिणेचा धावता दौरा करून, तेथील विचारी लोकांनी पराभव मनापासून स्वीकारला आहे, असा अहवाल त्याने दिला. मेंफिसच्या बातम्यांनी त्याचे डोळे उघडले. १८६८ साली तो अध्यक्षपदी निवडून आला. त्याला मिळालेले मताधिक्य सुमारे तीन लाखांचे होते. दक्षिणेत नव्याने मतदार झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मतांवाचून ते मिळणे कठीण होते. १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हा पहिला कृष्णवर्णीय सदस्य सिनेटमध्ये गेला. या हक्कांना उत्तर म्हणून कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेने रात्री-अपरात्री घरे जाळण्याचे, फटके मारण्याचे आणि खून पाडण्याचे सत्र आरंभिले. ग्रँटने येथे कच खाल्ली नाही. नवे न्यायखाते आणि १८७० व १८७१ चे कठोर कायदे त्याच्या हाती होते. ऑक्टोबर १८७१ मध्ये साउथ कॅरोलायनातील नऊ परगण्यांत त्याने हेबिअस कॉर्पसचा हक्क स्थगित केला. शेकडोंना अटक झाली, म्होरके पळाले आणि १८७२ पर्यंत क्लॅनचा कणा मोडला. कायदा राबविण्याची इच्छा असली तर दहशत मोडते, हे सिद्ध झाले.

अध्यक्ष म्हणून त्याचे दोष उघड आहेत. जुन्या मित्रांवर आणि नातलगांवर त्याने आंधळा विश्वास टाकला. मद्यकराच्या अपहाराचे प्रकरण त्याच्या खासगी चिटणिसापर्यंत पोहोचले. युद्धमंत्री बेल्कनॅप लाचखोरीत सापडला. मूळ रहिवासी असलेल्या इंडियन जमातींशी शांततेने वागण्याचे त्याने जाहीर केलेले धोरण सोन्याच्या हव्यासापुढे टिकले नाही आणि १८७६ साली स्यू जमातीशी युद्ध झाले. या सगळ्याने त्याची प्रतिष्ठा खालावली आणि दक्षिणेतील कामासाठी लागणारे नैतिक बळही त्याबरोबर ओसरले.

१८७३ हे साल

या दृष्टीने १८७३ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ त्याग केल्याबद्दल तो अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. सप्टेंबरमध्ये त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. इकडे शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी झगडणारा एक विचारवंत ज्या अमेरिकेकडे आशेने पाहत होता, तीच अमेरिका त्या सुमारास हाती घेतलेले काम सोडून देण्याच्या मनःस्थितीत येत चालली होती. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीत जमलेल्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्या जमावाने हल्ला केला. इमारत पेटविण्यात आली. शरण आलेल्यांनाही ठार करण्यात आले. मृतांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. मोजक्या आरोपींना शिक्षा झाली आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही टिकू दिली नाही. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांच्या कृत्यांना बांधते, खासगी व्यक्तींच्या कृत्यांना नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

सप्टेंबर १८७३ मध्येच न्यूयॉर्कच्या पेढ्या बुडाल्या आणि मोठी मंदी आली. उत्तरेतील मतदाराला आता स्वतःच्या नोकरीची चिंता पडली. दक्षिणेतील खुनांच्या बातम्यांचा त्याला कंटाळा आला. १८७४ साली प्रतिनिधिगृहातील बहुमत विरोधकांकडे गेले. १८७५ च्या सप्टेंबरमध्ये मिसिसिपीचा गव्हर्नर एम्स याने, निवडणुकीत कृष्णवर्णीय मतदारांवर सशस्त्र टोळ्या दहशत बसवीत आहेत, फौज पाठवा, अशी विनवणी केली. ऑक्टोबरमध्ये ओहायोत निवडणूक होती. फौज पाठविली तर ओहायो हातचे जाईल, असे पक्षातील पुढाऱ्यांचे म्हणणे पडले. ग्रँट घुटमळला. फौज गेली नाही. ओहायो पक्षाला मिळाले, मिसिसिपी गेले. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या याझू परगण्यात ग्रँटच्या पक्षाला अवघी सात मते पडली. ओहायोत तेव्हा गव्हर्नर झालेला हेझ हाच पुढे अटीतटीच्या वादानंतर एका मताने अध्यक्ष झाला आणि १८७७ च्या एप्रिलमध्ये त्याने दक्षिणेतील उरलेल्या फौजा बराकीत परत नेल्या. मतपेटीपासून कृष्णवर्णीयांना दूर ठेवणारे कायदे त्यानंतर एकामागून एक झाले.

अखेरचे दिवस

अध्यक्षपदावरून उतरल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईस आला व गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचा पाहुणा झाला. मायदेशी परतल्यावर तो न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाला. मुलाच्या भागीदाराने केलेल्या लबाडीमुळे १८८४ साली तो पूर्णपणे नागवला गेला. त्याच वर्षी घशाचा कर्करोग जडला. पत्नीला निराधार सोडून जायचे नाही, म्हणून त्याने आठवणी लिहावयास घेतल्या. आवाज गेला तेव्हा चिठ्ठ्यांवर लिहून तो बोलत राहिला. जुलै १८८५ मध्ये ग्रंथ पुरा झाला आणि काही दिवसांतच, २३ जुलै रोजी, त्याचे निधन झाले. मार्क ट्वेनने प्रसिद्ध केलेल्या या दोन खंडांतून कुटुंबाला सुमारे साडेचार लाख डॉलर्स मिळाले. साधी, स्वच्छ आणि आत्मप्रौढीचा स्पर्श नसलेली या ग्रंथाची भाषा आजही वाखाणली जाते. दक्षिणेच्या शौर्याचा त्यात गौरव आहे. पण युद्धाचे कारण गुलामगिरी हेच होते आणि एवढ्या वाईट कारणासाठी क्वचितच कोणी लढले असेल, हेही त्याने आडपडदा न ठेवता नोंदविले आहे.

हा ग्रंथ १८६५ पाशी थांबतो. अध्यक्षपदाच्या आठ वर्षांचा वृत्तान्त त्यात नाही. त्याच्या शवपेटीचे मानकरी म्हणून शर्मन आणि शेरिडन यांच्याबरोबर दक्षिणेचे जोसेफ जॉन्स्टन आणि बकनर हेही चालले. डोनेल्सनचा तो पराभूत मित्र जुलै महिन्यातच त्याला भेटून गेला होता. कालचे शत्रू एक झाले, याचे देशाने कौतुक केले. त्याच सुमारास दक्षिणेत मतदानाला जाणाऱ्या कृष्णवर्णीयाला जिवाची भीती वाटत होती. गोऱ्यांचा आपसातील समेट झाला आणि त्याची किंमत तिसऱ्याकडून वसूल करण्यात आली. पंधराव्या घटनादुरुस्तीतील वचन खऱ्या अर्थाने अमलात आणणारा कायदा १९६५ साली झाला. अ‍ॅपोमॅटॉक्सनंतर शंभर वर्षे गेली होती.

शिलोच्या रानात आज राष्ट्रीय दफनभूमी आहे. तेथील यादवी युद्धातील कबरींपैकी बहुसंख्य कबरींवर नाव नाही. दक्षिणेचे सैनिक लांबच लांब चरांत एकत्र पुरलेले आहेत. त्या रानात पहिल्या दिवशी हरलेला ग्रँट पावसात झाडाखाली बसून राहिला, कारण दुसरा दिवस उजाडणार आहे, हे तो जाणत होता. त्याच्या मदतीला रात्रीतून नदी ओलांडून ताजी फौज आली. १८७५ साली मात्र ताजी कुमक कोठूनच आली नाही. संसद थकली होती, न्यायालयाने अंग काढून घेतले होते, वृत्तपत्रांना विषय शिळा वाटू लागला होता आणि मतदार आपल्या संसारात गढला होता. ती कुमक मागण्यासाठी देशापुढे जाऊन उभे राहण्याचे शिलोचे धैर्य ग्रँटलाही त्या वेळी झाले नाही, हा त्याच्या आयुष्यातील खरा पराभव होय. त्याचा दोष त्याच्या पदरात घालताना निम्मा दोष त्या थकलेल्या समाजाच्या पदरात घालावा लागेल. युद्ध सेनापती जिंकून देऊ शकतो. ते कशासाठी लढले गेले, याची आठवण ठेवणे हे नागरिकांचे काम असते आणि त्या कामातून त्यांना निवृत्ती नसते.